रुतला

माझे सासरे, बारकूमामा, दोन गोष्टींचा अभिमान बाळगतात. आमच्या गावात, शेणव्यात, पहिला ट्रॅक्टर त्यांनी आणला, आणि तो भाताच्या चिखलणीत कधी रुतला नाही. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून मी छोटा ट्रॅक्टर करायला घेतला तेव्हा नमुना त्यांच्याच ट्रॅक्टरचा धरला.

कल्याणहून खेळण्यातला आणला, वीतभर लांबीचा, धातूचा, नवरदेवासारखा चकचकीत. मला चकचकीत नको होता. रबरी चाकं उपटून सायकलच्या तारा आणि पत्र्याच्या पट्ट्यांची लोखंडी चाकं केली, आपण चिखलणीला लावतो तशी. खरा ट्रॅक्टर आंब्याला घासला होता, त्याच जागी पक्कडीने मडगार्डला पोचा पाडला. सीटवर गोणपाटाचा तुकडा घातला, सायलेन्सरवर पावसासाठी उलटा डबा टाकला. गंज तर असा रंगवला की हाताला लागेल असं वाटावं. हे काम मला चांगलं जमतं. उगाच लाजायचं कशाला?

मामांच्या लेखी मात्र हा पोरखेळ. माझं टेबल ट्रॅक्टरच्या शेडमध्ये होतं आणि त्याच कोपऱ्यात त्यांना खताच्या गोणी रचायच्या होत्या.

"नम्रता, एका तरी मानसाला तो खरा वाटू दे," ते म्हणाले. "मंग टेबल र्‍हाऊ दे. नायतर रविवारी भायेर."

"वाटेल की," मी म्हटलं. टेबल गेलं तर माझं काम संपलंच, घरात दुसरी जागा नव्हती. पण घाबरायचं कशाला?

शनिवारी मामा नटबोल्ट आणायला मुरबाडला गेले. घरामागच्या खाचरात चिखलणी झालेली होती. मी माझा ट्रॅक्टर चाकांच्या आसापर्यंत चिखलात दाबला, मोबाइल जमिनीलगत धरला आणि फोटो काढला. मागचा बांध डोंगराएवढा दिसत होता. फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला, 'रुतला'.

आमच्याकडे हा शब्द आला की कुणी कसा, काय विचारत बसत नाही. दोर आणि फळ्या घेऊन निघतात. शेजारचा नवसू तर जेवणावरून उठून आला, मागोमाग फळ्या घेतलेली माणसं.

"कुटं हाय गो?"

मी बोट दाखवलं. नवसू वाकला, आणखी वाकला, आणि हसता हसता चिखलातच बसला. टेबल वाचलं! मी सगळ्यांना चहा ठेवला. जो तो त्या ट्रॅक्टरजवळ बसून आपला फोटो काढून घेऊ लागला.

एवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि मामा धावत आले. मुरबाडात त्यांनीही ग्रुपवर फोटो पाहिला होता. "कोनी नेला माझा ट्रॅक्टर? कोनी रुतवला?" ओरडताना हात वर केला, तर मुठीत ट्रॅक्टरची किल्ली!

एकच हशा पिकला. मला मात्र हसू येईना. त्यांचा चेहरा घामेजलेला, गोंधळलेला होता.

मामा बांधावर उभे राहून त्या वीतभर ट्रॅक्टरकडे बघत राहिले. आता लाथ मारतात, असं मला वाटलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"नवसू, दोर ठेव. सुतळी आन."

चिखलात उतरून त्यांनी पुढच्या हुकाला सुतळी बांधली. "डावीकडं घ्या, डावीकडं," नवसू चेष्टेने ओरडला.

"तू गप र्‍हा. झटका दिला तर आस वाकंल." आणि डुलवत डुलवत, हळूहळू, त्यांनी तो बाहेर काढून बांधावर ठेवला. आता कुणी हसत नव्हतं.

"ह्याचा फोटो टाक," मामा मला म्हणाले. "बारकूचा ट्रॅक्टर रुतून पडलाय असा कोनी म्हनायला नको."

मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'निघाला'. मामांनी मोबाइल हातात घेऊन वाचलं.

"कोनाचा, ते नाय लिवलंस."

"तुमचाच की, मामा."

"माझा शेडमंदी हाय," ते म्हणाले. "ह्यो तुजा. नाव टाक."