मीटरमागे तेरा मिलीमीटर

हेमाच्या कॉम्प्युटरला मी हातानं लाकडी कॅबिनेट करून देतो असं म्हणालो, तेव्हा मला त्या कॅबिनेटचं काडीचंही कौतुक नव्हतं. मला सोमवारची अपॉइंटमेंट रद्द करून हवी होती.

हेमा माझी मुलगी. नोकरी हिंजवडीत, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते, त्यामुळे माझ्यावर नजर ठेवायला तिला भरपूर वेळ मिळतो. गेल्या महिन्यात मी दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलो आणि एकदा तिला तोच प्रश्न तीनदा विचारला. झालं! बाईसाहेबांनी परस्पर मेमरी क्लिनिकमध्ये माझं नाव घातलं. "बाबा, नुसती तपासणी आहे."

नुसती म्हणे! आमचे थोरले बंधू श्यामही नुसत्या तपासणीलाच गेले होते. दोन वर्षांनी मला दारात बघून म्हणाले, "आपण कोण?" अगदी अदबीनं. चिडून म्हणाले असते तर परवडलं असतं. त्या अदबीची मला अजून धडकी भरते.

मग मी पैज लावली. चौतीस वर्षं मी खडकीजवळच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. म्हणजे धातूचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडाचा नमुना करायचा. हेमाला म्हटलं, "रविवारी संध्याकाळपर्यंत तुझं कॅबिनेट तयार. सगळं जिथल्या तिथे बसलं आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर सोमवार रद्द. नाही बसलं, तर मुकाट्यानं येतो." ती लगेच "ठीक आहे," म्हणाली. तिलाही सोमवार रद्दच व्हायला हवा होता, हे मला दिसलं.

बुधवारी हत्यारांची पेटी उघडली. माझी जुनी स्टीलची पट्टी निघाली, तिच्या टोकाला लाल टेपचं मळकट वेटोळं होतं. मी ब्लेडनं ते खरवडायला घेतलं. कुसुम, माझी बायको, शेंगा सोलत समोर बसली होती.

"अहो, टेप कशाला लावलाय तिला?"

"कोणास ठाऊक. असेल कुणाचा तरी उद्योग," मी म्हणालो आणि पट्टी लखलखीत पुसून घेतली.

जुन्या पलंगाचं सागवान होतं. रंधा मारला, पटाशीनं सांधे काढले, कडा गुळगुळीत केल्या. पितळी स्क्रू आणायला बुधवार पेठेत गेलो, तर दुकानदार म्हणतो, "काका, डबा लाकडाचा करताय, तर कॉम्प्युटरही लाकडाचाच करा की!" एरवी त्याला सोडला नसता. पण परतीचा बसस्टॉप कुठल्या बाजूला, हेच मला चार मिनिटं आठवेना. दगडूशेठ गणपतीसमोर चप्पल काढून नमस्कार करतोय असं दाखवत उभा राहिलो. हे घरी कुणाला सांगितलं नाही.

हेमाचं काम चालू होतं, म्हणून कॉम्प्युटर मला रविवारपर्यंत मिळणार नव्हता. तिनं मापांचा कागद छापून दिला, त्यावरून मी लाकडात मदरबोर्डच्या स्क्रूंची भोकं पाडली. रविवारी सकाळी तिनं जुना डबा उघडून बोर्ड माझ्या हातात ठेवला आणि मैत्रिणीकडे गेली.

बोर्ड ठेवला. पहिल्या कोपऱ्यातला स्क्रू सुरेख बसला. पलीकडच्या कोपऱ्यात बघतो तर भोक जवळजवळ चार मिलीमीटर पुढे!

पट्टी लावून मोजलं. माप कागदाप्रमाणे अचूक. पुन्हा मोजलं, अचूक. तिसऱ्यांदाही तेच. बोर्डच मोजला, तर कागदावर तीनशे पाच आणि माझ्या पट्टीवर तीनशे एक. आकडे मला दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. श्याम डोळ्यांसमोर आले. संपलं आपलं, असं वाटलं. मी घाबरलो होतो, सरळच सांगतो.

करीमला फोन केला. पॅटर्न शॉपमध्ये त्याचं टेबल माझ्या शेजारी होतं. अर्ध्या तासात खडकीहून स्कूटरवर आला. त्यानं खिशातली मोजटेप काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली, आणि असा हसला की कुसुम बाहेर आली.

"अरे गाढवा, ही श्रिंकेजची पट्टी आहे!"

अॅल्युमिनियम ओतल्यावर थंड होताना आक्रसतं. म्हणून नमुना थोडा मोठा करायचा, आणि त्यासाठी पट्टीच थोडी लांब असते. मीटरमागे तेरा मिलीमीटर. आयुष्यभर मी तीच वापरली होती. म्हणून सगळीच मापं एकाच प्रमाणात वाढली होती. इतकी शिस्तशीर चूक बिघडलेलं डोकं करेल का? माझे हात ठीक होते, डोकं ठीक होतं! मी करीमला मिठीच मारली.

करीम पट्टी उलटसुलट करून बघत होता. "पण हिचा लाल टेप कुठे गेला?"

"कसला टेप?"

"रिटायर झालो त्या दिवशी कँटीनमध्ये तूच नाही का लावलास? माझ्याही पट्टीला लावून दिलास. म्हणालास, घरी चुकून हातात आली तर लाल दिसलं की थांबायचं."

मला कँटीन आठवलं. टेप आठवेना. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली बघितलं.

"जाऊ दे," करीम हळूच म्हणाला. "अजून दिवस आहे. चल, दुरुस्त करू. पोरीला कुणी सांगत नाही."

जुन्या भोकांत आम्ही सागाच्या खुंट्या ठोकल्या, गोंद वाळू दिला, आणि त्याच्या मोजटेपनं मापून नवी भोकं पाडली. आखलं त्यानं, पाडली मी. भोकं एकदम सरळ पडली. स्क्रू सगळे बसले.

सहाला हेमा आली. तिनं वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. सागवानावरून हात फिरवत ती हसली, खूप दिवसांनी अशी मोकळी हसली. "जिंकलात बाबा! थांबा, आत्ता मेसेज करून रद्द करते."

करीम माझ्याकडे बघेना. कुसुम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हेमानं फोन उघडला, बोटही टेकवलं असतं.

"राहू दे," मी म्हणालो.

"काय?"

"साडेदहाला ना? येतो मी. आणि मीच येतो म्हणालो, हे कुठेतरी लिहून ठेव. नाहीतर उद्या सकाळी मी पुन्हा तुझ्याशी भांडेन."