एका पत्र्याचे दोन डबे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मला तळ नाही. पीठ ठेवाल तर सांडेल, पाणी भराल तर वाहून जाईल. घरात माझा काही उपयोग नाही. माझे काम शेतात होते.

दोन बहिणींच्या वडिलांनी मला घडवले. पत्र्याची कामे करून त्यांनी दोन्ही मुलींना शेतीचे शिक्षण दिले होते. एकाच पत्र्यातून त्यांनी दोन डबे कापले. एक मी, दुसरा माझा जोडीदार. त्यांच्या दुकानामागे ताज्या कोंबडीखतावर आम्हाला शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा त्या वासाने आमचे सांधेसुद्धा झोंबले. ऊन चढले की पत्रा टण्ण करून वाजतो. मी वाजलो की लगेच तो वाजायचा.

मग ताईला दूरच्या देशात नोकरी लागली. तिने माझ्या जोडीदाराला स्वेटरमध्ये गुंडाळून नेले. मी धाकटीकडे राहिलो.

आमचे काम सांगतो. कोंबड्यांचे खत शेतात पसरले की त्यातले नत्र अमोनिया वायू होऊन उडू लागते. पिकाच्या तोंडचा घास हवेत जातो. मला खतावर ठेवून माझ्या कडा मातीत दाबत. आतल्या हुकाला आम्लात भिजवलेला स्पंज टांगत. वायू त्या स्पंजात अडकायचा आणि प्रयोगशाळेत त्याचे मोजमाप व्हायचे. कोणत्या देशातल्या शेतात नत्र जास्त वाया जाते, ते बहिणींना पाहायचे होते. डबे सारखे, म्हणजे तुलना खरी.

धाकटी मला कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेतावर नेई; त्यांना सगळे मामा म्हणत. आमचा आकडा नेहमी लहान यायचा, म्हणजे नत्र कमी वाया जायचे. कार्यालयातल्या सभेत मला टेबलावर ठेवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईचा आकडा मात्र कितीतरी मोठा यायचा.

एकदा मला धुता धुता धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, तुझा डबा गळत असेल."

"गळला असता तर आकडा कमी आला असता. जास्त कसा येईल?"

"मग तुझंच काहीतरी चुकतंय."

"लहानपणी ताट सांडलं की ताईनं धक्का दिला म्हणायचीस. तशीच आहेस अजून."

ताई हसली होती. धाकटी हसली नाही. तिने आपले म्हणणे अहवालातही लिहिले. तो ताईच्या साहेबांनी वाचला आणि ताईचे मोजणीचे काम बंद केले. हळूहळू फोनही कमी झाले. त्याच सुमारास त्यांचे वडील गेले. ताईला येता आले नाही.

मला मात्र चैन पडत नसे. माझ्याखालचे खत कोरडे आणि गप्प असायचे. दुकानामागे झोंबले तसे कधीच झोंबले नाही. पण डब्याला विचारतो कोण?

एकदा दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला द्यायची होती, म्हणून धाकटी ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच शेतावर आली. मामा खत पसरत होते. वास असा होता की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मामा ओशाळले.

"अहो बाई, आज कशा आलात? तुम्ही यायच्या आदल्या दिवशीच पसरून ठेवतो मी. निदान वास तरी उडून जातो. पाहुण्या माणसानं नाक धरून बसावं, बरं दिसतं का ते?"

धाकटी बांधावर बसली.

"मामा, तो वासच मोजायला येत होते हो मी."

तिने मला तिथेच, त्या ओल्या खतावर ठेवले. इतक्या वर्षांनी माझे सांधे पुन्हा झोंबले. या वेळचा आकडा ताईच्या आकड्याला जाऊन भिडला.

तिने मला समोर ठेवूनच फोन लावला. म्हणाली, "ताई, तुझा डबा बरोबर होता. माझंच चुकलं."

मग ताई म्हणाली, "तो मी भंगारात दिला गं. बाबांच्या हातचा होता, पण रोज समोर दिसायचा आणि तुझं बोलणं आठवायचं."

बहिणी आता पुन्हा बोलतात. मोजायला नवी यंत्रे आली आहेत. मी अवजारांच्या खोलीत फळीवर असतो. माझ्या शेजारची जागा धाकटी पुसते, पण तिथे काही ठेवत नाही.

मित्रांनो, खत पसरले की लगेच मातीआड करा. उद्यावर टाकाल तर बरेचसे नत्र हवेत जाते. आणि तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्याला खोटे ठरवण्याआधी आपण कधीपासून मोजायला लागलो ते पाहा. तो आहे तोवर पाहा.

दुपारी खिडकीतले ऊन फळीवर येते. मी एकदा वाजतो. मग थोडा वेळ ऐकत राहतो.