मुंग्या उतरवणारे बाबा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर बाबांनी सुई उचलली आणि कपडे शिवणाऱ्या शिलाईकाकूंच्या तळपायाला टोचली. काकू हसत होत्या!

"मुंग्या यायच्या ना, ताई?"

"रात्रंदिवस! नुसती आग व्हायची."

"आणि आता?"

"काही नाही!"

"अख्खं वारूळ उठवलं मी!" बाबा गरजले. "गोळ्या फेका, माझं तेल घ्या!"

माझ्या थोरल्या बहिणीनेही याच बाबांचं ऐकून मधुमेहाच्या गोळ्या फेकल्या होत्या. तळव्याची जखम चिघळली, तिला कळलंच नाही. पाय कापावा लागला. त्या पायाचा सूड घ्यायलाच मी मंचावर चढलो. खोटं कशाला बोलू?

"बाबा, सुईनं रक्त येतं. माझा फोन नुसता थरथरतो. त्यानं परीक्षा घेऊ?"

"घ्या की, मास्तर! आम्ही कुणाला भितो?"

काकूंना डोळे मिटून कान झाकायला सांगितले. फोन तळव्याला टेकवून थरथर सुरू केली. पुढच्या रांगेला ती ऐकूही येत होती. बराच वेळ गेला.

"अहो मास्तर, सुरू करा ना आता!" काकू ओरडल्या.

तोच फोन मी बाबांच्या तळव्याला लावला. त्यांनी पाय असा ओढला, की आसनावरून घसरले.

"अरेरे, तुम्हाला कळतं की! म्हणजे तुम्ही अजून बरे झालेला नाहीत. थांबा, सुई टोचून बघू."

"नको, नको!"

"मग तेल तरी लावा!"

लोक खदखदून हसले. बाबांचं तोंड पाहून मला फार गोड वाटलं.

काकूंचा पाय मात्र मी उलटून पाहिला. टाचेत मशीनच्या सुईचं तुटकं टोक रुतलं होतं, भोवती पू.

"पण दुखत कुठे होतं?" त्या रडू लागल्या.

तशाच त्यांना दवाखान्यात नेलं. पाय वाचला. बाबा कोठडीत गेले.

मुलांनो, साखर फार काळ वाढलेली राहिली की नसा आधी कुरकुरतात. त्याच मुंग्या. पुढे नसा निकामी होतात, मुंग्याही थांबतात. अशांनाच शोधून बाबा मंचावर बसवत. फोन फक्त शंका दाखवतो. खरी तपासणी डॉक्टरच करतात. घरात कुणी म्हणालं, "पायाला आता काहीच कळत नाही," तर आनंद मानू नका. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या.