शेवटच्या फेरीची घंटा

सायकल शर्यतीच्या पंचांना पहिल्याच दिवशी शिकवतात : रक्ताकडे बघायचं नाही, चाकाकडे बघायचं.

शिकवणारी माझी सख्खी थोरली बहीण होती. वर्गात तिला ताई म्हणायला बंदी होती. मी एकदा चुकून म्हटलं, तर तिने सायकलची चेन माझ्या टेबलावर अशी आपटली की शेजारचा उमेदवार कोर्सच सोडून गेला.

पडद्यावर दिवसभर अपघात चालायचे. माणूस हवेत, सायकल रेषेपार. ताई चित्र थांबवायची.

"कोण जिंकलं?"

"सायकल," मी म्हणालो.

"माणसाशिवाय सायकल जिंकत नाही, सायकलीशिवाय माणूस जिंकत नाही. जोडीने रेषा ओलांडायची."

"लग्नासारखं?"

"लग्नात हेल्मेट देत नाहीत. पुढे बघ."

लेखी परीक्षेत काठावर पास झालो. उरलं प्रात्यक्षिक : खऱ्या शर्यतीत घंटा सांभाळायची. आधी दोनदा मी प्रात्यक्षिकातच गचकलो होतो आणि दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा पास नाही झालास तर आपलं चिकनचं दुकान आहेच. कोंबड्या कापायला बसायचं." मला कोंबडीने नुसतं रोखून बघितलं तरी घाम फुटतो.

घंटेचा नियम सोपा आहे. घंटा वाजली की शेवटची फेरी. कोणी वाजवली, का वाजवली, हे स्वाराने बघायचं नसतं. जीव खाऊन सुटायचं.

शर्यत गोदामांभोवतीच्या रस्त्यावर होती. फलकावर पाच फेऱ्या शिल्लक होत्या आणि माझी पितळी घंटा टेबलावर शहाण्यासारखी बसली होती. तेवढ्यात लाल संघाचा मॅनेजर हिरव्या संघाच्या मॅनेजरवर धावून आला.

"तुझ्या पोराने माझ्या पोराला कोपर मारलं!"

"पोराला कोपर आहे, म्हणून लागलं. तुझ्या पोराला डोकं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

लाल मॅनेजरने आजूबाजूला बघितलं, हाताला लागली ती वस्तू उचलली आणि हिरव्याच्या कपाळात घातली.

टण्ण.

समोरून सगळा घोळका येत होता. शेवटची फेरी! पन्नास ढुंगणं एकदम सीटवरून उठली. पुढच्या वळणावर निम्मे एकमेकांत घुसले. एकाचं पेडल दुसऱ्याच्या पोटरीत, दुसऱ्याचे दात तिसऱ्याच्या पाठीत, अशी ती रांग कुंपणापर्यंत गेली.

वाचलेले फेरी मारून आले. पहिल्याने जिंकलो म्हणून दोन्ही हात वर केले. नेमक्या त्याच क्षणी हिरव्याने घंटा हिसकावून लालच्या जबड्यावर हाणली. टण्ण. पुन्हा शेवटची फेरी! त्याने घाईघाईने हात खाली आणले, पण तोवर हॅंडल दुसरीकडे वळलं होतं. तो नाकावर आला. मागचे त्याच्यावर आले.

ताई खुर्चीतून हलली नाही. "घंटा कोणाकडे आहे?" तिने मला विचारलं.

"लालकडे. नाही, हिरव्याकडे. परत लालकडे."

"परीक्षा कोणाची आहे?"

मी उडी मारली. हिरव्याच्या गुडघ्याने माझा एक दात पाडला. मी उरलेल्यांनी लालच्या मनगटाला चावलो. तो घंटा सोडेना, म्हणून आत हात घालून लोलक मुठीत आवळला. त्याने तशीच घंटा, माझ्या हातासकट, लोखंडी खांबावर आपटली. आवाज झाला, पण बोटांचा. बोटांच्या आवाजावर शेवटची फेरी धरत नाहीत. नियम सगळे पाठ होते मला.

तो आपटत राहिला, मी धरून राहिलो. शेवटी ताई उठली, हवा भरायचा उभा पंप उचलला आणि एक लालला, एक हिरव्याला, असं न्यायाने वाटप केलं. दोघे आडवे झाले.

आता फलकावर खरोखर एक फेरी उरली होती आणि सायकलवर एकच स्वार. त्याचा एक कान लोंबत होता. मी घंटा उचलली. हलवली. काहीच नाही. लोलक तुटून माझ्या मुठीत आला होता.

ताई बघत होती. दुकानातल्या कोंबड्याही बघत असाव्यात.

मी घंटा कपाळावर हाणून घेतली. टण्ण.

स्वार थांबला. एक पाय जमिनीवर टेकला. "नाही जाणार. हीपण खोटी असेल."

"खरी आहे."

"कशावरून?"

मी कपाळावरचं रक्त दाखवलं.

"कोणी फोडलं?"

"मीच."

त्याने जरा विचार केला. "मग खरी असेल," म्हणाला आणि निघाला. रेषा ओलांडली तेव्हा सायकल आणि तो जोडीनेच होते. कान तेवढा मागे राहिला होता. कानाबद्दल नियम नाही.

"पास," ताई म्हणाली. "सर्टिफिकेट पोस्टाने येईल. आणि ती घंटा घेऊन जा, आता ती काय कामाची!"

मी घरी पोचलो तेव्हा दाजी दारातच उभे होते. माझा ओठ सुजून वांगं झाला होता. मोठी वाक्यं तोंडातून निघत नव्हती.

"काय मिळालं शेवटी?" त्यांनी विचारलं.

"घंटा," मी म्हणालो.

दाजींनी मान हलवली. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून सुरी डाव्या हातात दिली.