ठरवून करायची चूक

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या नाकावर काहीतरी बसवत असते, आणि ते नीट बसलं नाही की ज्याचं नाक असेल त्यालाच बोलते. असल्या बाईच्या पोटी समुद्राच्या तळाशी जायचं वेड असलेली मुलगी यावी, याला काय म्हणायचं? कॉलेज संपल्यापासून ती बंदरावरच्या डायव्हिंगच्या दुकानात मदतनीस म्हणून राबत होती. सिलिंडर उचलायची, पर्यटकांचे ओले सूट धुवायची, आणि घरी येऊन एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढायची. "तू तिच्या धंद्याला अगदी पाण्यात पाहतेस," असं तिचे बाबा म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर हसायचे.

शेवटी आम्हा मायलेकींत करार झाला. यंदा ती डायव्हिंग शिकवणाऱ्या शिक्षकाची परीक्षा देणार. पास झाली तर मी तोंड मिटायचं. नापास झाली तर माझ्या दादाने आपल्या कंपनीत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तिथे तिने मुकाट्याने जायचं. टेबल, खुर्ची, पंखा आणि पायाखाली कोरडी जमीन. अधूनमधून मी दादाला फोन करून विचारायचे, "जागा आहे ना रे अजून?"

परीक्षेचा शेवटचा भाग बुडालेल्या जहाजापाशी होता. आमच्या किनाऱ्यालगत एक मालवाहू जहाज पूर्वी कधीतरी वाळूत रुतलं आणि तिथेच बुडालं. पाणी इतकं उथळ की ओहोटीला त्याच्या डोलकाठीचं टोक वर दिसतं. जो माणूस जन्मात कधी पाण्याखाली गेलेला नाही, त्याला तिथे सुखरूप नेऊन आणायचं, आणि परीक्षक मागून बघत येणार. एक नवीन लग्न झालेलं जोडपं त्यासाठी तयार होतं. ऐन परीक्षेच्या सकाळी त्यांचा फोन आला, दोघांचीही पोटं बिघडली होती. परीक्षक संध्याकाळी परत जाणार आणि पुन्हा पुढच्या वर्षीच येणार.

मी नुकतंच शटर वर केलं होतं. लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, येशील?"

"कुठे?"

"खाली."

आता खरं पाहिलं तर मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं की काम झालं असतं. पण समोरचा पैलवान आला नाही म्हणून जिंकायचं, यात काय मजा? डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात मला ठणठणीत ठरवलं होतं, त्यामुळे तोही बहाणा नव्हता. तिचे बाबा तर "जा जा, दुकान मी बघतो," असं इतक्या घाईने म्हणाले, की हा माणूस कधीपासून वाट बघत होता कोण जाणे!

डायव्हिंगच्या दुकानाची मागची खोली म्हणजे रबराच्या वासाचं कोठार. भिंतीला काळे सूट लटकलेले, कोपऱ्यात हवा भरायचं यंत्र धडधडतंय, आणि जमीन कायम ओली. तो सूट मला चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबण्यातला प्रकार होता. लेक एका बाजूने ओढत होती, मी दुसऱ्या बाजूने शिव्या देत होते. त्यात परीक्षा सुरू झाली म्हणून ती मला चक्क 'तुम्ही' म्हणायला लागली.

"ताई, श्वास कधीही रोखायचा नाही. काही झालं तरी चालू ठेवायचा."

"ताई कुणाला म्हणतेस गं?"

"विद्यार्थ्यांना असंच म्हणतात. आणि ताई, खाली हसायचं नाही. हसलं की गालाला घड्या पडतात आणि मास्कमध्ये पाणी शिरतं."

"तुझ्या परीक्षेत हसण्यासारखं आहे तरी काय?"

मग तिने कपाटातून एक मास्क काढून माझ्या तोंडावर बसवला, आणि समोरच्या भिंतीवरची पाटी मला स्वच्छ वाचता आली. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस ओळखू येत नाही, पाटी कुठली दिसायला! तेव्हा आठवलं. मागे हाच मास्क घेऊन ती दुकानात आली होती. "एका गिऱ्हाईकाचा आहे, नंबरची भिंगं बसवून दे," म्हणाली होती. मीच हाताने बसवली, आणि वर म्हटलं होतं, बाईचा नंबर अगदी माझ्यासारखा आहे बघ.

"ते गिऱ्हाईक आज आलं," लेक म्हणाली.

  मी पायातल्या रबरी बुटाची पट्टी घट्ट करायचं निमित्त करून खाली वाकले.

किनाऱ्यालगत छातीएवढ्या पाण्यात तिने माझ्याकडून तोंडाने श्वास घेण्याची आणि मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढण्याची तालीम करून घेतली. चार वेळा ठसका लागला, पाचव्यांदा जमलं. मग आम्ही बोटीत बसलो. बोटवाला, परीक्षक आणि आम्ही दोघी. परीक्षक म्हणजे सडसडीत, चाळिशीचे, हसायला पैसे पडतात अशा चेहऱ्याचे गृहस्थ. लेक मागे सिलिंडर तपासत होती, तेवढ्यात ते माझ्या शेजारी सरकले आणि हळूच म्हणाले,

"ताई, तुम्हाला एक चूक करायची आहे."

"अहो, एक कशाला, मी बऱ्याच करणार आहे."

"तशी नाही, ठरवून करायची. हा परीक्षेचाच भाग असतो. जहाजाच्या मागच्या टोकाला ती तुम्हाला जहाज पुढे ढकलणारा पंखा दाखवायला वळेल. तेव्हा तिचा हात सोडा आणि हळूच बाजूला व्हा. तिच्या किती लवकर लक्षात येतं ते मला बघायचंय. घाबरू नका, मी मागेच असेन. पण तिला सांगायचं नाही."

"आणि लक्षात आलं नाही तर?"

"तर नापास."

बघा! ज्यासाठी मी वर्षभर दादाच्या मागे लागले होते, ते असं आयतं माझ्या हातात आलं. नुसता हात सोडायचा आणि जरा जास्तच आडोशाला जायचं. एवढंसं काम. मी लेकीकडे पाहिलं. ती माझ्या सिलिंडरचा पट्टा ओढून पाहत होती, सोडत होती, पुन्हा ओढून पाहत होती. मी समुद्राकडे तोंड फिरवलं.

पाण्यात उतरल्यावर माझी पाचावर धारण बसली, ते सांगायला लाज कसली? एकेक हात खाली जायला लागलो तसे कान ठणकायला लागले. लेकीने खूण केली, नाक दाब. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे नाक दाबून फुंकलं की कान उघडत होते. फट् आवाज झाला आणि दुखणं गेलं. तिचा हात मी असा धरला होता की नंतर तिच्या मनगटावर वळ दिसले.

आणि मग जहाज दिसलं.

मला वाटलं होतं गंजका सांगाडा असेल, भंगारवाल्याच्या अंगणातल्यासारखा. पण त्याचा गंज कुठे दिसतच नव्हता. कठड्यावर जांभळी, केशरी पोवळी उगवलेली. कुठेच न पोचणारा एक जिना होता, त्याच्या प्रत्येक पायरीवर मासे, वर जाणारे वेगळे, खाली येणारे वेगळे, आणि कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. खिडकीच्या गोल भोकातून एक जाडा मासा तोंड काढून आम्हाला बघत होता, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारासारखा. त्याच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळ्या गोल कडा आणि मध्ये नाकावर पट्टी. अहो, चष्मा! एवढी वर्षं धंद्यात आहे, इतकी नीट बसलेली फ्रेम मी पाहिली नव्हती.

मी हसले. अर्थात मास्कमध्ये पाणी शिरलं. फुंकून बाहेर काढलं. मग आपण हे जमवलं याचंच हसू आलं, आणि पुन्हा पाणी शिरलं. लेक डोळे वटारत होती, आणि मग तिलाही हसू फुटलं. तिच्याही मास्कमध्ये पाणी. समुद्राच्या तळाशी आम्ही मायलेकी एकमेकींचा हात धरून आळीपाळीने नाकं फुंकत होतो. तिच्या लहानपणानंतर आम्ही दोघी इतक्या हसल्याचं मला आठवत नाही. उन्हाचे कवडसे डेकवर नाचत होते. जहाजाच्या स्वयंपाकघरात एक भांडी घासायचं सिंक होतं, त्यात इवले निळे मासे भरलेले. त्यांना हात लावायचा नाही म्हणून मी माझी बोटं मुठीत धरून ठेवली होती. वर आल्यावर तोंडातली नळी काढून मी पहिलं वाक्य बोलले ते असं:

"हे सगळं तू रोज बघतेस आणि घरी येऊन नुसतं 'बरं होतं' म्हणतेस?"

लेक सिलिंडर बदलायला मागे गेली. परीक्षक जवळ आले.

"ताई, ते राहिलंच."

"काय?"

"चूक."

खरं सांगते, साफ विसरले होते. तिचा हात एकदासुद्धा सोडला नव्हता. परीक्षक म्हणाले, तेवढं झाल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. जरा विश्रांती घेऊन पुन्हा जावं लागेल, तुमची तयारी आहे का? माझी तयारी! जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोराला दुसरी फेरी मोफत सांगावी, तसं झालं. मी लगेच मास्क डोक्यावर चढवला आणि बोटवाल्याने तो पुन्हा काढून ठेवला, अजून वेळ आहे म्हणाला.

दुसऱ्यांदा मात्र खाली जाताना डोक्यात विचार घेऊन गेले. आपण थेट मागच्या टोकाकडे निघालो आहोत, हे कळत होतं. तिथे तो पंखा वाळूत अर्धा रुतलेला, एकेक पातं माझ्या उंचीचं. लेक वळली आणि बोटाने दाखवायला लागली.

मी हात सोडला.

सुकाणूच्या पलीकडे आडोसा होता. तिथे जाऊ नये असं वाटलं, आणि पाय मात्र तिकडेच हलले. एका फटकाऱ्यात मी पलीकडे गेले, आणि समोर कासव. हे एवढं, परातीएवढं. त्याने आपली पाठ सुकाणूच्या कडेला लावली होती आणि ते सावकाश, डोळे मिटून, खाजवून घेत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझ्यापासून दोन हातांवर. त्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि ही बाई काही कामाची नाही असं ठरवून पुन्हा मिटला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. किती वेळ कोण जाणे. अंगाला वजन नव्हतं, गुडघे दुखत नव्हते, आणि या क्षणी जगात मला कुणीही काहीही मागत नव्हतं.

मग एकदम भानावर आले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मास्कमधून बाजूचं दिसत नाही, त्यामुळे सगळं अंग वळवून पाहिलं. लेक नव्हती.

म्हणजे तिच्या लक्षात आलं नव्हतं. नापास. मला हवं होतं तेच झालं होतं. आणि मला रडू आलं. भीतीने नाही, परीक्षक कुठेतरी असणारच हे माहीत होतं. वाईट याचं वाटलं की उद्यापासून हा जिना, ते सिंक, हे कासव सोडून माझी पोर दादाच्या कंपनीत पंख्याखाली बसणार, आणि तिला तिथे बसवणारी मी. पाण्याखाली रडता येतं बरं का. फक्त डोळे पुसता येत नाहीत.

तेवढ्यात डोक्यावर बुडबुड्यांचा आवाज झाला. मी मान वर केली.

लेक माझ्या अगदी वर होती. आडवी तरंगत होती, आणि तिचा एक हात माझ्या सिलिंडरच्या वर पसरलेला, न टेकवलेला. धरायचं म्हटलं तर बोटं मिटली की झालं, इतका जवळ. तिच्या मागे परीक्षक हाताची घडी घालून. मी वर पाहिलेलं दिसताच तिने माझ्याकडे नाही, कासवाकडे बोट केलं. बघ, म्हणाली, अजून बघ.

वर आलो. बोटीत चढलो. परीक्षकांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि लेकीला विचारलं,

"हात सुटल्याचं कधी कळलं?"

"लगेच कळलं, सर."

"मग लगेच धरलं का नाहीत? नियम काय आहे?"

"लगेच धरायचं." ती खाली बघत होती. "पण कासव होतं, सर. मी धरलं असतं तर ते गेलं असतं. तिला ते नीट बघायला मिळावं असं वाटलं. मी हाताच्या अंतरावर होते."

"नियमात कासव नाही," परीक्षक म्हणाले.

माझ्या जिभेवर त्यांच्यासाठी बरंच काही आलं होतं. ते गिळलं आणि बोटवाल्याकडून फोन मागितला. दादाचा नंबर मला तोंडपाठ आहे.

"दादा, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक."

"का गं? पोरगी पास झाली?"

"ते साहेब अजून ठरवतायत."

"मग निकाल तर येऊ दे! नापास झाली तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. मी पुन्हा जाईन तिच्याबरोबर. तू जागा देऊन टाक."

लेक माझ्याकडे बघत होती. तोंड उघडं, केसांतून पाणी गळतंय. मी फोन बोटवाल्याला परत दिला आणि परीक्षकांना म्हटलं, "आता तुमचं काय ते सांगा, आमचं झालं."

परीक्षकांनी टॉवेलची घडी केली. मोडली. पुन्हा केली. मग माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत म्हणाले,

"माझी आई पुढच्या महिन्यात माझ्याकडे येतेय. पाण्याला फार भिते. आजवर मी तिला कुणाबरोबर खाली पाठवायचं धाडस केलं नाही." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "तुमच्याकडे आणली तर न्याल?"



"आणा, सर," लेक म्हणाली. "पण दिवसभराच्या बोलीनेच आणा. त्यांना घाई करायची नाही."