पुढे चालणारं घड्याळ आणि मी

मी एक जुनं स्टेशन आहे, मित्रांनो. इंदूरचं. महूहून येणारी छोटी गाडी माझ्याच फलाटाशी येऊन संपायची. पुढे रूळच नव्हते. ती इतकी निवांत, की राऊच्या चढावर लोक खाली उतरत, हरभरा उपटून सोलून खात आणि चालत चालत आपल्याच डब्यात परत चढत. खोटं वाटतंय? कबुतरांना विचारा. माझ्या छपरावर ती एवढी होती, की एकदम उडाली तर पत्रे वीतभर वर जात.

माझं घड्याळ मात्र मुद्दाम पुढे ठेवलेलं. गिरणीतले कारकून पोह्यांच्या ठेल्यावर रेंगाळून गाडी चुकवत, म्हणून एका स्टेशनमास्तरांनी काटे सरकवले. हे साऱ्या गावाला कळलं आणि लोक नेमकं तेवढंच जास्त रेंगाळू लागले. घड्याळ खोटं, पण कोणाची म्हणून गाडी चुकली नाही. रूळ बदलणारा सांधेवाला कचरू तर अभिमानाने सांगायचा, "आरामात खा, भिया. घड्याळ आपल्या बाजूचं आहे."

मग रूळ रुंद झाले, समोर काचेचं नवं स्टेशन आलं. माझं घड्याळ शोभेला तिकडे टांगलं. माझ्या खोल्यांत उंदीर राहिले. यंदा मला पाडायचं ठरलं.

म्हातारा कचरू आणि महूची शिक्षिका धम्मदीना यांनी जुने प्रवासी गोळा केले. माझ्यात मुलांचं वाचनालय करा, एवढंच मागणं. रेल्वेचे मोठे साहेब परगावी, त्यांच्या कचेरीत, एकदाच भेटणार होते. तिकडची गाडी पकडायला मंडळी नव्या स्टेशनात जमली. समोरून मला सगळं दिसत होतं.

"काका, बसून घेऊ ना. गाडी कधीची लागली आहे," धम्मदीना म्हणाली.

कचरूने वर बघितलं. "अगं, ते आपलं घड्याळ. जन्माचं पुढे. आधी पोहे खा."

"माझा मोबाइलपण तीच वेळ सांगतोय."

"तुझा मोबाइल कालचा. घड्याळ माझ्याही आधीचं."

सगळे हसले. वडीलधाऱ्यापुढे तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. जिलबी आली. नव्या लोकांनी काटे बरोबर लावून ठेवलेत, हे कोणी सांगितलंच नव्हतं. गाडी डोळ्यांदेखत हलली. कचरू धावला. इतकी वर्षं झाली, त्याला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

साहेबांनी वाट पाहिली आणि मला पाडायच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी कचरू माझ्या पायरीवर येऊन बसला. "मीच थांबवलं सगळ्यांना," म्हणाला. धम्मदीनानं पुष्कळ समजावलं. शेवटी तीही महूला गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला शोभेला टांगू नका, तिच्या खोडीसकट वापरा. आणि खोड काढलीतच, तर तिच्या भरवशावर बसलेल्या म्हाताऱ्यांना निदान सांगा तरी. मला वाचवा असं आता म्हणत नाही. उद्या जेसीबी येईल. तेवढं कचरूला या पायरीवरून कोणीतरी उठवून न्या. तो माझं ऐकत नाही.