पत्र्यावरची सही

‘व’च्या पोटाशी रेघ थांबली होती, हरभऱ्याएवढी जागा कोरी सोडून पुन्हा सुरू झाली होती, ‘म’लाही तसंच, दोन ठिकाणी... बायकोनं स्वतःची सही गिरवलेलं वहीचं पान पुंजारामानं उजेडाकडे धरलं. खाली साक्षरता वर्गाच्या भाग्यश्रीबाईंनी लाल शाईत लिहिलं होतं – अक्षरे तुटकी काढू नयेत.

तुटकी हा शब्द त्याला लागला, पण का लागला ते कळायला सकाळभर छिन्नी चालवावी लागली, दोनदा ती अंगठ्याला चाटून गेली. पिंपळगावच्या गोण्यांवर, द्राक्षांच्या पेट्यांवर व्यापाऱ्यांची नावं छापायला तीस वर्षं तो पत्र्यात अक्षरं कापत आला होता, आणि ‘व’ पुरता कापला तर त्याचं पोट गळून पडतं, म्हणून मध्ये पत्र्याची बारीक पट्टी राखायची – छापल्यावर तिथे फट दिसते, लोकांना तिची सवय असते... म्हणजे विमल माझ्या पत्र्यांवरून शिकली? कधी? दुपारी मी वाचनालयात पुस्तकात डोकं घालून बसायचो तेव्हा, चुलीमागच्या वाया गेलेल्या पत्र्यांवर बोट फिरवत, एकटी... एवढं वाचलं, आणि हिला एक अक्षर शिकवावं हे सुचलं नाही.

परवा वर्गाची परीक्षा. तिथल्या बाया तिच्या अक्षरांना हसल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती.

ती भाकरी थापत होती. तो वही घेऊन जवळ बसला, खाकरला.

“परवा जायचं ना?”

“कशाला? वर्गातली अक्काबाई म्हनती, उंदरानं कुरतडलीत माझी अक्षरं.”

“त्या फटी... भरून टाक की पेन्सिलीनं.”

तिचा हात थांबला. “मग मधलं पडंल ना?”

ती थट्टा करत होती की नव्हती – एवढंही त्याला ओळखता येईना.

“कागदावर नाय पडत.”

“तुमी तर लय जपून ठेवता ती जागा,” ती म्हणाली, आणि पिठाच्या बोटांनी वही त्याच्याकडे सरकवली. “तुमीच भरा मग.”

त्यानं पेन्सिल टेकवली, उचलली. इथं, बरोबर इथं, दर खेपेला तीही हात उचलत असेल... हे जपणं चूक होतं असं सांगणारा आपण कोण. आणि न सांगावं तर परवा त्या बाया पुन्हा हसतील. काहीच ठरत नव्हतं. एरवी तिच्यासमोर शब्द सापडले नाहीत की तो वाचनालयाची वाट धरायचा, आज मात्र खूप काही विचारायचं राहिलंय अशी एक घाई दाटून आली होती, आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नसतानाही तो तिथून उठला नाही.